चित्रातले गाव आणि मोजणीबाहेरचे गाव
मराठी दूरचित्रवाणीवरील ‘खऱ्या माणसां’चा इतिहास, लिंबागणेशच्या बाजूने

बीडहून सोलापूरच्या वाटेला लागले की घाट चढल्यावर मांजरसुंबा येते. तिथून पाटोद्याकडे वळणाऱ्या रस्त्यावर लिंबागणेश आहे. भालचंद्र गणपतीच्या देवस्थानामुळे नाव झालेले हे बालाघाटच्या पठारावरचे गाव. भोवतालचा सारा टापू पावसाच्या भरवशावर शेती करणारा आणि दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला कोयते पाठवणारा. मराठी दूरचित्रवाणीचा इतिहास लिहिणारे सहसा वरळीच्या मनोऱ्यापासून सुरुवात करतात आणि तिथेच रमतात. या लेखात तोच इतिहास लिंबागणेशसारख्या गावाच्या बाजूने पाहायचा आहे, आणि तोही सगळा नव्हे. मालिका, नाटके, गाण्यांचे कार्यक्रम बाजूला ठेवून, ज्यात खरी माणसे स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या घरादारासह पडद्यावर येतात तेवढ्याच कार्यक्रमांचा विचार येथे केला आहे. माहितीपट, शेतकऱ्यांच्या मुलाखती, पैठणीचे खेळ, गाण्याच्या स्पर्धा, एका घरात कोंडलेली माणसे आणि श्रमदान करणारी गावे हे सगळे त्यात येते.

हे प्रकार एकमेकांपासून फार दूरचे वाटतात. पण प्रत्येकाला तीन साधे प्रश्न विचारता येतात. चित्रात कोण आहे? चित्र पाहणारा कोण आहे? आणि पाहणारा म्हणून मोजला जाणारा कोण आहे? लिंबागणेशच्या बाबतीत या तिन्ही प्रश्नांची उत्तरे वेगवेगळ्या काळात बदलली. ती एकदम बदलली नाहीत, आणि तिथेच खरी गोम आहे.

१

मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी. हे वर्ष मराठवाड्यात दुसऱ्याच कारणाने लक्षात आहे. ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हटले की आजही जुन्या माणसांना खडी फोडण्याची कामे, सुकडी आणि स्थलांतर आठवते. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना याच दुष्काळातून आकाराला आली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. म्हणजे मराठी दूरचित्रवाणीचे पहिले महिने आणि मराठवाड्याच्या स्मरणातला सर्वांत मोठा दुष्काळ हे एकाच वेळचे. तरीही दोघांची गाठ पडली नाही. वरळीहून निघणारे प्रक्षेपण मुंबईच्या परिसरापुरते होते. १९७३ मध्ये ते पुण्यात पोहोचले, पण बालाघाटचा प्रश्नच नव्हता.

त्या काळी अशा गावांनी हलते वास्तव पाहिले असेल तर ते तंबूतल्या टुरिंग टॉकीजमध्ये, मुख्य चित्रपटाआधी. केंद्र सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनची स्थापना १९४८ची. तिचे समाचारचित्र आणि अनुबोधपट दाखवण्याची अट चित्रपटगृहांवर होती. धरणे, कारखाने, परदेशी पाहुणे, सुधारित बियाणे अशा विषयांवरच्या या फिती वेगवेगळ्या भाषांत येत. त्यात खरी माणसे असत, पण बोलत असे तो निवेदक. शेतकरी नांगर धरी आणि शेतीविषयीचे वाक्य धीरगंभीर आवाजात दुसराच कोणी उच्चारी. लोकांचे लक्ष असे ते मुख्य चित्रपट कधी सुरू होतो याकडे.

मुंबई दूरदर्शनने या पद्धतीत फरक केला. ‘आमची माती, आमची माणसं’ या कार्यक्रमात शेतकरी स्वतःच्या तोंडाने बोलू लागला. आकाशानंदांच्या ‘ज्ञानदीप’ने प्रौढ शिक्षण आणि समाजकार्य हा विषय घेतला आणि प्रेक्षकांना नुसते प्रेक्षक राहू दिले नाही. गावोगावी आणि वस्त्यावस्त्यांत ज्ञानदीप मंडळे निघाली आणि मंडळांनी केलेले काम पुन्हा कार्यक्रमात आले. पाहणारा आणि दाखवला जाणारा यांच्यामध्ये एक पायवाट तयार झाली होती. पुढच्या चाळीस वर्षांत वाहिन्यांनी ‘प्रेक्षकांचा सहभाग’ म्हणून जे काही विकले, त्याचे हे जुने, बिनजाहिरातीचे रूप होते.

२

दूरचित्रवाणी खेड्यात नेण्याचा देशातला पहिला मोठा प्रयत्न मात्र मुंबईहून झाला नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात ‘साइट’ हा प्रयोग झाला. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाचा वर्षभर उपयोग करून सुमारे २,४०० खेड्यांत सामुदायिक दूरचित्रवाणी संच बसवले गेले. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन आणि शाळकरी मुलांसाठी विज्ञान असे कार्यक्रम थेट त्या संचांवर येत. आंध्र प्रदेश, कर्नाटक, मध्य प्रदेश, राजस्थान, बिहार आणि ओडिशा या सहा राज्यांतली खेडी निवडली होती. महाराष्ट्र त्यांत नव्हता.

कर्नाटकातले निवडलेले जिल्हे होते विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर. आंध्रमध्ये हैदराबाद, मेदक, महबूबनगर आणि कर्नूल. यांपैकी गुलबर्गा, रायचूर, हैदराबाद, मेदक आणि महबूबनगर हे १९४८ पर्यंत ज्या निजामी राज्यात होते, त्याच राज्यात बीड होते. पाऊस तसाच तुटपुंजा, जमीनही बरीचशी ओळखीची. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत हैदराबाद संस्थानाचे तीन तुकडे झाले. दोन तुकड्यांतल्या खेड्यांत १९७५च्या श्रावणात उपग्रहावरून चित्र आले, तिसऱ्या तुकड्यातल्या मराठवाड्यात आले नाही. ज्याला आपण ‘मराठवाड्याचा अनुशेष’ म्हणतो तो रस्ते, सिंचन आणि कारखाने यांच्या हिशेबात मांडला जातो. चित्राचाही अनुशेष असतो, पण तो कोणत्याही समितीने मोजला नाही.

याच सुमारास गुजरातच्या खेडा जिल्ह्यात पिज येथील छोट्या प्रक्षेपकावरून आणखी वेगळे काम चालले होते. अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्रातले निर्माते गावात जात, तिथल्या लोकांकडून विषय घेत, त्यांनाच कॅमेऱ्यासमोर उभे करत. सावकारी, मजुरीचे दर, जातीचा जाच हे विषय तिथल्या बोलीत येत. या प्रकल्पाला १९८४ मध्ये युनेस्कोकडून ग्रामीण संज्ञापनासाठीचा पुरस्कार मिळाला आणि पुढे काही वर्षांतच पिजचा प्रक्षेपक बंद झाला. जिल्ह्याने जिल्ह्याची दूरचित्रवाणी चालवावी ही कल्पना त्याबरोबर मागे पडली. नंतर आपल्याकडे जी दूरचित्रवाणी वाढली ती एका ठिकाणाहून सर्वांकडे जाणारी होती.

३

१९८२ मध्ये रंग आला आणि राष्ट्रीय कार्यक्रम आला. १९८४च्या आसपास लहान प्रक्षेपक झपाट्याने उभे राहिले आणि जिल्ह्याची गावे चित्राच्या कक्षेत येऊ लागली. ‘रामायण’च्या काळात, १९८७-८८ मध्ये, ज्याच्या घरी संच त्याच्या ओट्यावर गाव जमत असे. लिंबागणेशसारखी गावे या दशकात पाहणारी झाली. मात्र पडद्यावर दिसत होते ते दिल्लीचे आणि मुंबईचे.

गावाला बोलायची एक फट मिळाली ती टपालातून. १९९० मध्ये सुरू झालेली ‘सुरभि’ ही सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे यांची मालिका माहितीपटांचा गुच्छच होती. कुठल्या तरी कोपऱ्यातला कारागीर, कुठला तरी उत्सव, एखादी विसरलेली वास्तू आणि शेवटी प्रेक्षकांना प्रश्न. उत्तरे इतकी येत, की टपाल खात्याने स्पर्धांच्या उत्तरांसाठी वेगळे, महाग पोस्टकार्ड काढले. साध्या कार्डावर पैशांत होणारे काम त्यानंतर दोन रुपयांचे झाले. पाहणाऱ्याने दिलेल्या प्रतिसादाची किंमत ठरू शकते, हे त्या कार्डाने पहिल्यांदा दाखवले. पुढे एसएमएसने तोच धडा मोठ्या प्रमाणावर गिरवला.

४

१९९९ मध्ये अल्फा मराठी आणि २००० मध्ये ई टीव्ही मराठी सुरू झाल्या आणि मराठी माणूस मराठी वाहिनीवर दिवसभर दिसू लागला. २००४ मध्ये अल्फा मराठीवर ‘होम मिनिस्टर’ आले. आदेश बांदेकर घरी येणार, बाईला ‘वहिनी’ म्हणणार, स्वतः ‘भावोजी’ होणार, दोन-चार खेळ, उखाणा आणि शेवटी पैठणी. अभिजनांनी या कार्यक्रमाची बरीच चेष्टा केली. पण इतिहासाच्या दृष्टीने पाहिले तर त्यात एक दुर्मीळ गोष्ट होती. मराठी घराचा बाहेरचा खोल्यांचा पसारा, सासू-सून कुठे बसतात, नवरा बायकोचे नाव कसे घेतो, लग्न कसे जमले याची पहिली मोठी चित्रनोंद या कार्यक्रमाने केली. त्या नोंदीला एक अट होती. घरात जे काही असेल ते हसण्यावारी नेता आले पाहिजे. जे हसण्यावारी नेता येत नाही ते भावोजी असेपर्यंत आतल्या खोलीत राहत असे. बक्षीस मात्र आमच्या मराठवाड्याचे, गोदाकाठच्या पैठणचे नाव लावणारे.

२००८-०९ मध्ये झी मराठीवरच्या ‘सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’ने सारा महाराष्ट्र बांधून ठेवला. आळंदीची कार्तिकी गायकवाड विजेती ठरली. अंतिम पाचांत लातूरचा रोहित राऊत होता. लातूर-बीडकडच्या घरांत पहिल्यांदा ‘आपला’ मुलगा स्पर्धेत होता आणि त्याच्यासाठी मोबाइलमधून मत पाठवता येत होते. अंतर एका संदेशाएवढे उरले होते.

याच काळात माहितीपटाचे एक छोटे रूप रिॲलिटी शोमध्ये शिरले आणि तिथेच घर करून बसले. ते म्हणजे स्पर्धकाची ओळखफीत. गाव, घर, आईवडील, संघर्ष आणि डोळ्यांतले पाणी हे सगळे दोन मिनिटांत. २०१९ मध्ये ‘कौन बनेगा करोडपती’त एक कोटी जिंकणाऱ्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे शाळेत मुलांची खिचडी शिजवत. त्यांना महिन्याला १,५०० रुपये मिळतात हे देशाला अशाच ओळखीतून कळले. फिल्म्स डिव्हिजनने त्या विषयावर वीस मिनिटांची फीत केली असती तर ती कोणी पाहिली नसती. इथे करोडोंनी पाहिले. पण पोषण आहार शिजवणाऱ्या बाईला १,५०० रुपये का मिळतात, हा प्रश्न खेळाच्या नियमात बसत नव्हता. दोन मिनिटांच्या फितीत हलाखी ही पार्श्वभूमी असते. तिला कारण नसते.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे, मोजणीकडे येऊ. कोणता कार्यक्रम चालतो हे ज्या आकड्यांवरून ठरते, ते आकडे निवडक घरांतल्या यंत्रांतून मिळतात. २०१५ पर्यंत ही यंत्रे शहरांतच होती. त्या वर्षी बार्कची नवी पद्धत सुरू झाली आणि ऑक्टोबरपासून खेड्यांतली घरे हिशेबात आली. याचा अर्थ असा, की लिंबागणेशने ‘रामायण’ पाहिले, ‘होम मिनिस्टर’ पाहिले, रोहित राऊतला मत दिले असेल, पण २०१५ पर्यंत बाजाराच्या लेखी त्यातले कोणी पाहतच नव्हते. मराठी वाहिन्यांवरचे दिवाणखाने इतकी वर्षे पुण्या-मुंबईचेच का होते, याचे सारे उत्तर रसिकतेत शोधण्याची गरज नाही. मोजपट्टी तिथेच होती.

मोजणी खेड्यात गेल्यावर पडद्यावरची माणसेही हळूहळू बदलली. १९९९ मध्ये नेदरलँड्समध्ये जन्मलेल्या ‘बिग ब्रदर’चे मराठी रूप २०१८ मध्ये आले. त्याच्या पाचव्या पर्वाचा, २०२४चा विजेता ठरला बारामती तालुक्यातल्या मोढव्याचा सूरज चव्हाण, जो मोबाइलवरच्या छोट्या चित्रफितींतून माहीत झाला होता. ज्या घरात बाहेरचे काहीच येऊ द्यायचे नाही अशा घरात खेडे मात्र निवडून आले, ही गमतीची गोष्ट आहे.

५

बीड जिल्ह्याची आणि वास्तवदर्शी दूरचित्रवाणीची खरी गाठ पडली ती २०१२ मध्ये. २०११च्या जनगणनेत बीडमधील सहा वर्षांखालील मुलींचे प्रमाण हजार मुलांमागे ८०७ इतके निघाले. राज्यात ते सर्वांत कमी होते आणि दहा वर्षांपूर्वी हाच आकडा ८९४ होता. परळीतल्या गर्भलिंगनिदानाचा छडा लेक लाडकी अभियानाने २०१० मध्येच छुप्या चित्रीकरणाच्या आधारे लावला होता. ६ मे २०१२ रोजी, रविवारी सकाळी, आमिर खानच्या ‘सत्यमेव जयते’चा पहिला भाग प्रसारित झाला. विषय होता स्त्रीभ्रूणहत्या, आणि त्यातही राजस्थानातल्या दोन पत्रकारांनी केलेल्या छुप्या चित्रीकरणाची कथा होती. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, १८ मे रोजी, परळीच्या एका रुग्णालयात गर्भपाताच्या वेळी एका महिलेचा मृत्यू झाला आणि ते प्रकरण देशभर गेले. २०१९ मध्ये बीडच्या न्यायालयाने संबंधित डॉक्टर दांपत्याला दहा वर्षांची शिक्षा दिली. इथे कॅमेरा हा पुरावा होता. त्याने कोणाला रडवले की नाही हा मुद्दा गौण होता.

‘सत्यमेव जयते’चे दिग्दर्शक सत्यजित भटकळ पुढे पाणी फाउंडेशनचे प्रमुख झाले. २०१६च्या उन्हाळ्यात मराठवाडा पुन्हा देशाच्या पडद्यावर होता. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले आणि ते चित्र सगळीकडे दाखवले गेले. त्याच उन्हाळ्यात पहिली ‘वॉटर कप’ स्पर्धा झाली. वरूड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांतली ११६ गावे तीत होती. पहिले आले कोरेगाव तालुक्यातले वेळू. २०१७ मध्ये तालुके ३० झाले, २०१८ मध्ये ७५. झी मराठीवर ‘तुफान आलंया’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि सलग समतल चर, माती परीक्षण, शोषखड्डे, बांधबंदिस्ती हे शब्द संध्याकाळच्या दिवाणखान्यात आले.

या कार्यक्रमाची घडण बारकाईने पाहण्यासारखी आहे. साचा गाण्याच्या स्पर्धेचाच होता. ठरावीक मुदत (२०१७ मध्ये ८ एप्रिल ते २२ मे असे ४५ दिवस), गुण, परीक्षक, अंतिम फेरी, बक्षीस. फरक एवढाच, की स्पर्धक एकटा माणूस नव्हता, गाव होते. गावाला एसएमएसने जिंकवता येत नव्हते, त्यासाठी कुदळ धरावी लागत होती. ‘ज्ञानदीप’ मंडळांची पायवाट इथे चाळीस वर्षांनी पुन्हा सापडली. जो पाहत होता तोच पुढच्या आठवड्यात चित्रात असण्याची शक्यता होती. २०१० मध्ये ‘पीपली लाइव्ह’ हा शेतकऱ्याच्या मरणाभोवती जमलेल्या वाहिन्यांची टर उडवणारा चित्रपट ज्या निर्मितीसंस्थेने काढला, तिनेच दोन वर्षांनी ‘सत्यमेव जयते’ केले, आणि त्याच प्रवासातून पुढे ‘तुफान आलंया’ आले. त्यामुळे त्याकडे त्या उपहासाला दिलेले उत्तर म्हणूनही पाहता येते.

उणिवाही त्याच साच्यातून आल्या. ४५ दिवसांत चर खोदून होतात, पण बालाघाटच्या काळ्या खडकात पाणी साठायची जागा मुळात थोडी. साठलेले पाणी कोणी, किती उपसायचे आणि उसाला किती द्यायचे, हा प्रश्न चर खोदण्याहून अवघड. त्यात बागायतदार आणि कोरडवाहू, विहीरवाला आणि बिनविहिरीचा समोरासमोर येतात. स्पर्धेच्या कथेला ‘गाव एक झाले’ हा शेवट लागतो. पाण्याच्या वाटणीत गाव पुन्हा अनेक होते, आणि तो भाग चित्रित होण्याआधी अंतिम सोहळा पार पडलेला असतो. २०१८ मध्ये पावसाने पाठ फिरवली आणि ऑक्टोबरअखेर शासनाने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. टँकर पुन्हा दिसू लागले आणि त्यांच्या मागोमाग कॅमेरेही. चौथी स्पर्धा २०१९ मध्ये होऊन ‘वॉटर कप’ थांबला. संस्थेने नंतर समृद्ध गाव आणि शेतकऱ्यांच्या गटशेतीच्या स्पर्धा घेतल्या. एका अर्थी ती या साच्याच्या मर्यादेची प्रामाणिक कबुली होती. पाणी अडवण्याच्या पुढचे काम ४५ दिवसांत मावत नाही.

६

२०१९ मध्येच बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची बातमी फुटली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पाहणीतून मांडले, की ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. म्हणजे सहाजणींत एक. देशी-विदेशी वाहिन्यांची पथके जिल्ह्यात आली. कोपी, कोयता, पाठमोरी बाई, धूसर केलेला चेहरा, तीच ती प्रश्नोत्तरे. काही काम नक्कीच चांगले झाले. मग हंगाम संपला आणि पथके गेली.

इथे इंग्लंडमधल्या एका मालिकेची आठवण होते. १९६४ मध्ये ग्रॅनाडा टेलिव्हिजनने ‘सेव्हन अप’ या नावाने सात वर्षांच्या १४ मुलांचे चित्रण केले. त्यानंतर मायकेल ॲप्टेड दर सात वर्षांनी त्यांच्याकडे परत जात राहिले, २०१९ मध्ये ती माणसे ६३ वर्षांची होईपर्यंत. काहींनी मधेच नकार दिला, काहींनी तोंडावर सुनावले, तेही चित्रात आले. त्या मालिकेत बक्षीस नाही, बाद होणे नाही. तिचे सगळे बळ परत येण्यात आहे. वास्तव म्हणजे काय याची मला पटलेली सर्वांत साधी कसोटी तीच आहे. परत गेल्यावर जे दिसते ते.

आपल्याकडे हे का झाले नाही, याचे एक कारण फार दुःखद आणि फार क्षुल्लक आहे. परत जाण्यासाठी आधीची फीत जपलेली असावी लागते. दूरदर्शनच्या पहिल्या दशकांत फिती महाग होत्या, म्हणून जुन्या कार्यक्रमांवर नवे मुद्रित होत गेले. ‘आमची माती’तला शेतकरी त्याच्याच पुढच्या हंगामातल्या शेतकऱ्याखाली पुसला गेला. खासगी वाहिन्यांचे जुने भाग त्यांच्या सोयीने राहतात किंवा जातात. वृत्तवाहिन्यांनी बीडमध्ये केलेले हजारो तासांचे चित्रण कुठे आहे, हे ज्यांचे चेहरे त्यात आहेत त्यांना विचारायची सोय नाही.

आज लिंबागणेशच्या टापूतल्या तरण्या पोरांच्या खिशात कॅमेरा आहे. पडद्यावर यायला वरळीची, मीटरची, भावोजींची परवानगी लागत नाही. पण रोज पडणाऱ्या चित्रफितींच्या ढिगातही एखाद्या गावाची ओळीने लावलेली, तारीखवार नोंद सापडत नाही. ती करायला वाहिनी लागत नाही. ग्रामपंचायतीच्या कपाटात किंवा शाळेच्या वाचनालयात एक वही पुरे. गावात कोण चित्रीकरणाला आले, कोणत्या तारखेला, कोण बोलले, काय विचारले, काय कबूल केले आणि चित्रीकरणाची प्रत दिली की नाही, एवढे तिच्यात लिहावे. सात वर्षांनी ती वही उघडून त्याच माणसांना, त्याच जागी उभे करून तेच प्रश्न पुन्हा विचारावेत, आणि या वेळी कॅमेरा गावातल्याच कोणी तरी धरावा. अंबाजोगाईच्या पहिल्या ‘वॉटर कप’ला सात वर्षे २०२३ मध्येच झाली आणि शस्त्रक्रियांच्या पाहणीची सात वर्षे २०२६ मध्ये होतात. ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीनंतर निघतील आणि पुढच्या उन्हाळ्यात परततील. त्या परततील तेव्हा सुरुवात करता येईल.